न दिसलेल्या विषाणूमागची कारकीर्द : हार्वी ऑल्टर आणि जपून ठेवलेले रक्त

केतकी_मिरज (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात तृतीय वर्षाच्या वर्गात विषाणुजन्य काविळीचा भाग शिकवत होते. हिपॅटायटिस सी विषाणूच्या शोधासाठी २०२० चे नोबेल तिघांना मिळाले, असे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, मायकेल हॉटन यांनी विषाणूच्या जनुकाचा तुकडा मिळवला, चार्ल्स राइस यांनी तो विषाणू एकटाच हा आजार घडवतो हे सिद्ध केले, मग हार्वी ऑल्टर यांनी नेमके काय शोधले?" मी तिला उत्तर दिले, पण दोन मिनिटांत ते पुरे होण्यासारखे नव्हते. म्हणून येथे सविस्तर लिहिते.

ऑल्टर यांचा जन्म १९३५ चा, न्यूयॉर्कचा. रॉचेस्टर विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन ते १९६१ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या रक्तपेढीत आले. रक्तपेढी हा त्या काळी महत्त्वाकांक्षी तरुण डॉक्टरांचा आवडता विभाग नव्हता. रक्त दिल्यानंतर काही रुग्णांना ताप का येतो, हे ते पाहत होते. त्याच संस्थेत बरूक ब्लंबर्ग जगभरातून आणलेल्या रक्तजलांमधील (सीरममधील) प्रथिनांचे भेद अभ्यासत होते. दोघांनी मिळून, ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागले आहे अशा रुग्णांची रक्तजले या साठ्यासमोर अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) थरात ठेवून पाहण्यास सुरुवात केली. एका हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाचे रक्तजल ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तजलाशी भिडले आणि मध्ये एक रेषा उमटली. मेदाचा रंग तिने फारसा घेतला नाही, प्रथिनांचा लाल रंग मात्र घेतला. हेच ते 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. १९६५ मध्ये दोघांनी ते प्रसिद्ध केले. ते हिपॅटायटिस बी विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन आहे, हे पुढे उलगडले आणि ब्लंबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले.

ऑल्टर मधली काही वर्षे बाहेर होते. १९६९ मध्ये ते पुन्हा एनआयएचला आले आणि मग तेथेच राहिले. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना कोणाचे रक्त दिले गेले याची नोंद ठेवायची, त्यानंतर ठरावीक आठवड्यांनी त्यांचे रक्त तपासायचे आणि प्रत्येक नमुन्याचा काही भाग गोठवून ठेवायचा, असे त्यांचे काम होते. त्या अभ्यासाच्या आरंभी दर तीन रुग्णांमागे जवळपास एकाला रक्तातून यकृतदाह (हिपॅटायटिस) होत होता. १९७३ मध्ये त्याच संस्थेतील स्टीफन फाइनस्टोन, अल्बर्ट कापिकियन आणि रॉबर्ट परसेल यांना हिपॅटायटिस ए चा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, तेव्हा बी नसलेले हे सर्व रुग्ण ए चे असतील अशी अपेक्षा होती. गोठवलेल्या साठ्यातून बावीस रुग्णांचे नमुने काढून तपासले, तर एकही ए चा निघाला नाही. १९७५ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला आणि आजाराला 'नॉन-ए, नॉन-बी' हे तात्पुरते नाव पडले. ते तात्पुरते नाव जवळपास पंधरा वर्षे टिकले.

माझे प्रश्न दोन आहेत. विषाणू स्वतः कधी न पाहता त्याचे अस्तित्व आणि स्वभाव इतक्या काटेकोरपणे मांडणे, याला 'शोध' म्हणावे का? आणि एकाच प्रश्नावर, एकाच ठिकाणी, वर्षानुवर्षे रक्ताच्या नळ्या सांभाळत बसण्याची कारकीर्द आपल्याकडे शक्य आहे का?

रक्तपेढी_सोलापूर

केतकीताई, मी सत्तावीस वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आमच्या दृष्टीने ऑल्टर यांचे पहिले मोठे काम विषाणूचे नाही, रक्तदात्याचे आहे. पैसे देऊन घेतलेल्या रक्तातून काविळीचा धोका कितीतरी जास्त असतो, हे त्यांच्या गटाने आकड्यांत दाखवले. १९७० मध्ये एनआयएचने पैसे घेणारे रक्तदाते पूर्ण बंद केले आणि सोबत ऑस्ट्रेलिया अँटिजेनची तपासणी सुरू केली. रक्तातून होणारा यकृतदाह तीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांच्या आसपास आला. ज्या विषाणूला अजून नावही नव्हते, त्याचे कितीतरी संसर्ग केवळ दाता बदलल्याने टळले.

आपल्याकडे व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी येण्यास १९९८ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी १९९६ चा होता आणि त्याने दोन वर्षांची मुदत दिली होती. मी नोकरीला लागलो तेव्हा, रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पूर्वी ठरलेली माणसे कशी उभी असत आणि नातेवाइकांशी दर कसा ठरत असे, हे आमचे ज्येष्ठ सहकारी सांगत. त्या माणसांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. पोटासाठी ती महिन्यातून अनेकदा रक्त देत आणि एका रक्तपेढीने नाकारले की दुसरीकडे जात. दात्याला वेगळी वागणूक न देता, त्याला न दुखावता खरी माहिती कशी काढायची, हे आजही आमच्या कामातले सर्वात कठीण कौशल्य आहे. सी ची तपासणी आपल्याकडे २००१ पासून सक्तीची झाली.

मंदार_नाशिक

धागा उत्तम आहे. मला एक कळले नाही. कावीळ झाली तर डोळे पिवळे दिसतील आणि रुग्ण स्वतःच येईल. मग ठरावीक आठवड्यांनी रक्त घेण्याची आवश्यकता काय होती?

डॉ_वैशाली_यकृतरोग

मंदार, सर्व मर्म तुमच्या या प्रश्नातच आहे. हिपॅटायटिस सी च्या बहुतेक रुग्णांना सुरुवातीला कावीळ होतच नाही. डोळे पिवळे होत नाहीत, भूक फारशी मरत नाही, रुग्ण घरी जातो आणि कामाला लागतो. बदल दिसतो तो फक्त रक्तातील एएलटी या यकृताच्या विकरात (एन्झाइममध्ये), ज्याला आपल्याकडे सर्वजण एसजीपीटी म्हणतात. ऑल्टर यांनी 'कावीळ झाली का' असे विचारले असते, तर हा आजार त्यांना जवळपास दिसलाच नसता. त्यांनी प्रत्येकाचे रक्त ठरलेल्या दिवशी तपासले, म्हणून तो दिसला.

कावीळ नाही म्हणून हा आजार किरकोळ आहे, असे सत्तरच्या दशकात अनेक डॉक्टर मानत. ज्यांची एसजीपीटी महिनोन्‌महिने वरखाली होत राहिली, अशा रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासल्यावर मत बदलावे लागले, कारण काहींच्या यकृतात सिऱ्हॉसिसची, म्हणजे यकृत कठीण होऊन निकामी होत जाण्याची, सुरुवात झालेली होती. आज आपल्याला ठाऊक आहे की संसर्ग झालेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांत तो कायमचा राहतो आणि त्यांच्यापैकी १५ ते ३० टक्के लोकांत वीस वर्षांच्या आत सिऱ्हॉसिस होऊ शकतो. वीस वर्षांचा हा काळ पाहण्यासाठी वीस वर्षे त्याच रुग्णांना भेटत राहावे लागते, दुसरा मार्ग नाही.

याच कारणामुळे गावोगावी काविळीवर नाकात थेंब घालणाऱ्यांना यश आल्यासारखे दिसते. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकदा आपोआप बरे होतात आणि श्रेय थेंबांना मिळते. सी मध्ये पिवळेपणाच नसल्याने ते रुग्ण त्यांच्याकडेही जात नाहीत आणि आमच्याकडेही येत नाहीत. आमच्याकडे येतात तेव्हा पोटात पाणी झालेले असते.

अनिरुद्ध_म्युनिक

सर्वांचा मान राखून मी असहमती नोंदवतो. मी रेण्वीय जीवशास्त्रात काम करतो आणि मला वाटते की 'शोध' हा शब्द कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीच्या प्रयोगशाळेसाठीच राखून ठेवला पाहिजे.

तेथे काय झाले ते पाहा. हॉटन १९८२ पासून या प्रश्नामागे होते. विषाणू पेशीसंवर्धनात वाढत नव्हता, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हता आणि रक्तातील त्याचे प्रमाण अत्यल्प होते. अटलांटा येथील रोग नियंत्रण केंद्राच्या डॅनियल ब्रॅडली यांनी संसर्ग झालेल्या चिंपांझींचा रक्तद्रव पुरवला. क्वी-लिम चू यांनी त्यातील सर्व आरएनए-डीएनएपासून तुकड्यांचा मोठा संग्रह तयार केला आणि ते तुकडे जिवाणूंमध्ये घालून त्यांची प्रथिने बनवून घेतली. शेजारच्या प्रयोगशाळेतील जॉर्ज कुओ यांनी, आजारी माणसाच्या रक्तजलातील प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) हा संग्रह चाळून पाहावा असा आग्रह धरला. त्या रक्तजलात खरोखरच उपयोगी प्रतिपिंड आहेत की नाहीत, याची कोणालाही खात्री नव्हती. सुमारे दहा लाख तुकड्यांमधून एक हाती लागला, आणि तो माणसाच्या किंवा चिंपांझीच्या जनुकसंचात कोठेही नव्हता. १९८९ मध्ये 'सायन्स'मध्ये दोन निबंध आले आणि नॉन-ए, नॉन-बी चा हिपॅटायटिस सी झाला.

नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांना देता येत नाही, त्यामुळे चू, कुओ आणि ब्रॅडली बाहेर राहिले. हॉटन यांनी २०१३ मध्ये कॅनडाचे गेर्डनर पारितोषिक याच कारणासाठी नाकारले होते, कारण त्यात चू आणि कुओ यांचा समावेश नव्हता. नॉन-ए, नॉन-बी हे नाव आपल्याला काय नाही ते सांगते. आजार कशाचा नाही हे सांगणे मोलाचे आहे, पण तो कशाचा आहे हे सांगणाऱ्याचा मान पहिला असावा, असे माझे मत आहे.

केतकी_मिरज

अनिरुद्ध, चू आणि कुओ यांच्याविषयी आपण लिहिले त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि उद्याच्या तासाला ती दोन्ही नावे आवर्जून सांगणार आहे. तरी 'काय नाही' एवढेच ऑल्टर यांनी सांगितले, हे मला मान्य नाही.

१९७८ मध्ये त्यांनी आणि परसेल यांनी रुग्णांचे आणि दात्यांचे रक्त चिंपांझींना देऊन आजार संक्रमित होतो हे दाखवले. क्लोरोफॉर्मने तो घटक निष्प्रभ होतो, म्हणजे त्याला मेदाचे आवरण आहे, हे पुढे एनआयएचच्याच गटाने सिद्ध केले. बारीक छिद्रांच्या गाळण्यांतून तो पार जातो, म्हणजे तो लहान आहे, हेही ठरले. विषाणू पाहण्यापूर्वीच त्याचा आकार आणि आवरण माहीत झाले होते.

दुसरी गोष्ट त्यांनी जपलेल्या त्या प्रसिद्ध नमुना-संचाची. ऐंशीच्या दशकापर्यंत अनेक प्रयोगशाळा 'आम्हाला नॉन-ए, नॉन-बी ची चाचणी सापडली' असा दावा करू लागल्या होत्या. ऑल्टर त्यांना आकड्यांच्या सांकेतिक खुणा केलेल्या नळ्यांचा संच पाठवत. काही नळ्यांतील रक्ताने चिंपांझीला किंवा माणसाला निश्चितपणे आजार झालेला होता, काही नळ्या निरोगी दात्यांच्या होत्या, काही इतर यकृतरोगांच्या होत्या आणि काही नमुने मुद्दाम दोनदा घातलेले होते. कोणती नळी कोणती, हे फक्त बेथेस्डाला ठाऊक असे. एकामागून एक दावे त्या संचापुढे कोसळले. वर्षानुवर्षे 'नाही, हे नव्हे' असे सांगत राहणे किती अवघड असेल, याचा विचार करा. या विषाणूने चालवलेल्या लपंडावावर ऑल्टर पद्ये लिहीत आणि आपल्या व्याख्यानांतून वाचून दाखवत. १९८८ मध्ये कायरॉनची चाचणी त्याच संचापुढे आली आणि पहिल्यांदा उत्तरे जुळली. तो संच नसता, तर दहा लाखांतून निवडलेला तो तुकडा खरोखर त्याच आजाराचा आहे, यावर रक्तपेढ्यांनी इतक्या लवकर विश्वास ठेवला असता का?

सुलभा_कराड

मी शास्त्रज्ञ नाही. वरचे सर्व दोनदा वाचले आणि राहवले नाही म्हणून लिहिते आहे.

माझ्या सासूबाईंची गर्भाशयाची शस्त्रक्रिया १९८७ मध्ये झाली. त्यांना रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. रक्त कोणाचे होते हे आम्हाला माहीत नाही. २००९ मध्ये एका आरोग्य शिबिरात त्यांची एसजीपीटी वाढलेली निघाली. एका डॉक्टरांनी ते यकृतावरच्या चरबीमुळे असल्याचे सांगितले आणि तूप-तेल बंद केले. दोन वर्षे त्या भाकरी आणि ताकावर राहिल्या, आकडा उतरला नाही. २०११ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी प्रथमच विचारले, "आजी, तुम्हाला कधी रक्त चढवले होते का?" चोवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नव्हता.

तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रायबाव्हिरिनच्या गोळ्या सुरू झाल्या. इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी भरून ताप येई. केस गळाले, हिमोग्लोबिन उतरले, आणि सर्वात वाईट म्हणजे त्या बोलेनाशा झाल्या. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायलाही उठत नसत. उपचार संपला तेव्हा विषाणू दिसत नव्हता, सहा महिन्यांनी तो परत आला. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही.

२०१६ मध्ये सोफॉसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या मिळाल्या. सिऱ्हॉसिस सुरू झालेला असल्याने चोवीस आठवडे घेतल्या. ताप नाही, इंजेक्शन नाही. विषाणू गेला तो गेलाच. त्या आज एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला स्वतः चालत जातात.

'शोध' कोणाचा, हे मला ठरवता येणार नाही. पण एका माणसाने प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे दात्याची नोंद ठेवली होती, हे वाचल्यावर मला त्या दोन बाटल्या आठवल्या.

डॉ_वैशाली_यकृतरोग

सुलभाताई, सासूबाईंची सोनोग्राफी कृपा करून चालूच ठेवा. विषाणू गेला तरी सिऱ्हॉसिस झालेल्या यकृतात कर्करोगाचा धोका काही प्रमाणात उरतो.

इंटरफेरॉनचा पहिला छोटा प्रयोगही एनआयएचमध्येच झाला. डॉ. जे हूफनागल यांनी नॉन-ए, नॉन-बी च्या दहा रुग्णांवर तो केला आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. विषाणू माहीत नव्हता, पण एसजीपीटी उतरते की नाही हे पाहता येत होते, आणि काहींची उतरली. तुमच्या सासूबाईंनी सोसलेला उपचार तेथून सुरू झाला. नंतरच्या गोळ्या मात्र जनुकसंच हाती आला म्हणूनच शक्य झाल्या, कारण त्या विषाणूच्या स्वतःच्या विकरांना रोखतात. त्यामुळे अनिरुद्ध यांचा मुद्दा मला या ठिकाणी पूर्ण मान्य आहे.

श्रीपाद_जोशी_पुणे

केतकी यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही. मी निवृत्त अध्यापक आहे, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. आपल्याकडे हे शक्य आहे का, असे विचारण्यापूर्वी आपल्याकडे हे घडलेले आहे, याची नोंद घ्यावी.

डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पुरानंतर पात्र सरकले, नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आले आणि शहरभर पोहोचले. क्लोरीन वाढवले गेले, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, पण २९,३०० लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आलेली कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए, असेच सर्व पुस्तकांत छापले गेले. फक्त गर्भवती स्त्रियांमधील मृत्यू त्या निदानात बसत नव्हते.

त्या साथीतील काही रक्तजले जपून ठेवलेली होती. ए ची खात्रीशीर चाचणी उपलब्ध झाल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील एम. ए. श्रीनिवासन आणि खोर्शेद पावरी यांनी, डी. सी. वाँग आणि रॉबर्ट परसेल यांच्यासह ती तपासली. हे परसेल म्हणजे ऑल्टर यांचे सहकारी. दिल्लीची साथ ए ची नव्हतीच, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे बेथेस्डातील बावीस रुग्णांबाबत जे तर्कशास्त्र वापरले गेले, तेच चोवीस वर्षे जुन्या दिल्लीच्या नळ्यांना लावले गेले. त्याच वर्षी काश्मीरमधून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी खोऱ्यातील १९७८ च्या साथीवरून स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. त्यांच्या पुढील निबंधातले आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. साथीच्या भागातील गर्भवतींपैकी १७.३ टक्के स्त्रियांना यकृतदाह झाला, इतर स्त्रियांमध्ये हे प्रमाण २.१ टक्के होते, आणि आजारी गर्भवतींपैकी २२.२ टक्के स्त्रियांचे यकृत झपाट्याने निकामी झाले. आकडे लिहून झाल्यावर वर्ग काही क्षण शांत होत असे.

१९८३ मध्ये मॉस्कोच्या मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि स्वतःच्याच विष्ठेत विषाणूचे कण पाहिले. तो हिपॅटायटिस ई. धाडसामुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पुण्यात डॉ. विद्या अरणकल्ले यांनी याच विषाणूवर अनेक दशके काम केले, हे मात्र आपल्या मराठी वाचकांनाही सहसा ठाऊक नसते. १९७६ ते १९९३ या काळातील भारतीय नमुन्यांमधील विषाणूंची वंशावळ त्यांच्या गटाने १९९९ मध्ये मांडली. सतरा वर्षांचे नमुने नीट सांभाळलेले असल्याखेरीज असा निबंध लिहिताच येत नाही. पश्चिम भारतातील डुकरांमधला ई विषाणू माणसांमधल्या विषाणूहून वेगळ्या जनुकप्रकाराचा आहे, हेही त्यांनीच २००२ मध्ये दाखवले.

रणजित_कोल्हापूर

जोशी सर, कोल्हापुरात १९८१ मध्ये आलेल्या काविळीच्या साथीचा अभ्यासही पुण्याच्या याच संस्थेने केला होता ना? मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या गल्लीत घरटी एक आजारी होता. पांढऱ्या कोटातील माणसे येऊन रक्त घेऊन गेली होती, एवढे मला लख्ख आठवते. त्या रक्ताचे पुढे काय झाले, हे आज वयाच्या पन्नाशीनंतर विचारतो आहे.

श्रीपाद_जोशी_पुणे

होय. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी कोल्हापूर शहरातील त्या जलजन्य साथीचा रक्तजल-अभ्यास केला आणि तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ती साथही ए ची किंवा बी ची नव्हती. आपल्या गल्लीतील नळ्या त्यात असतीलच असे मी म्हणू शकत नाही, पण शहर तेच आणि वर्ष तेच.

ऋतुजा_पीएचडी

सर, आपण लिहिलेले वाचून अभिमान वाटला, परंतु आजची स्थितीही कोणीतरी सांगितली पाहिजे. मी यकृताच्या आजारावरच पीएचडी करते. आमचा प्रकल्प तीन वर्षांचा आहे आणि त्यातले पहिले वर्ष नैतिक समितीची परवानगी आणि खरेदीच्या निविदा यांत गेले. आमच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये माझ्या मार्गदर्शकांच्या आधीच्या मार्गदर्शकांनी जमवलेले नमुने आहेत. त्यांतील कित्येक नळ्यांवरची शाई पुसली गेली आहे आणि नोंदवही सापडत नाही. दोन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि सोमवारी सकाळी खालच्या दोन कप्प्यांत पाणी होते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण हे एकाच संस्थेचे दुखणे नाही.

नमुने गोळा करण्यासाठी निधी मिळतो, ते राखण्यासाठी मिळत नाही. प्रकल्प संपला की नळीचा कोणीही मालक उरत नाही. ऑल्टर यांच्यामागे एक कायमस्वरूपी रक्तपेढी होती, एकच संस्था होती, आणि या वर्षी किती निबंध झाले असे त्यांना दर मार्चमध्ये विचारले जात नसावे. असे विचारले जाते तेव्हा कोणता विद्यार्थी वीस वर्षांचा प्रश्न हातात घेईल?

अनिरुद्ध_म्युनिक

ऋतुजा, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री १९८९ चे दोन्ही निबंध पुन्हा काढले. पहिल्यात तुकडा मिळाल्याची हकिगत आहे. दुसरा निबंध कुओ आणि सहकाऱ्यांचा आहे आणि तो पूर्णपणे प्रतिपिंड-चाचणीचा आहे. चाचणी खरी ठरते ती ज्यांचा संपूर्ण इतिहास माहीत आहे अशा रुग्णांच्या आणि दात्यांच्या नमुन्यांवर, आणि त्या निबंधाच्या लेखकांत ऑल्टर यांचेही नाव आहे. हे मी यापूर्वीही पाहिले असणार, पण त्याकडे लक्ष दिले नव्हते.

'शोध' हा शब्द मी अजूनही कायरॉनसाठीच वापरीन. पण मी पहिल्या प्रतिसादात ऑल्टर यांचे काम 'काय नाही' एवढ्यापुरते मर्यादित केले होते, ते चूक होते आणि ते विधान मी मागे घेतो.

मंदार_नाशिक

या सर्व प्रयोगांत चिंपांझींचा इतका वापर झाला, याविषयी कोणी काही लिहिले नाही.

केतकी_मिरज

मंदार, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. सी विषाणू माणूस आणि चिंपांझी यांच्याखेरीज इतर प्रयोगप्राण्यांत सहज वाढत नाही. राइस यांनी १९९७ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेला आरएनए चिंपांझीच्या यकृतात टोचून, हा एकच घटक आजार घडवण्यास पुरेसा आहे, हे सिद्ध केले. त्याविना पुरावा अपुरा राहिला असता. त्या प्राण्यांनी यासाठी पिंजऱ्यात आयुष्य काढले, हेही तितकेच खरे आहे. एनआयएचने २०१५ मध्ये चिंपांझींवरील संशोधनाला दिला जाणारा आधार पूर्णपणे थांबवला. मी हे दोन्ही वर्गात सांगते आणि विद्यार्थ्यांना त्यावर बोलू देते.

रक्तपेढी_सोलापूर

ऋतुजा, नळीवर शाईने लिहू नका. अतिशीत तापमानात टिकणारी बारकोडची चिकटपट्टी मिळते, ती वापरा आणि तोच क्रमांक कागदी नोंदवहीतही लिहा. एक प्रत संगणकात आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. आमच्याकडे जुन्या रजिस्टरांचे रकाने फार विचारपूर्वक आखलेले आहेत, त्यांचा नमुना तुम्हाला पाठवतो.

सुलभा_कराड

सोलापूरच्या दादांना एक विचारायचे होते. सासूबाई काल म्हणाल्या, "ज्यानं मला रक्त दिलं, त्याला तरी कधी कळलं असेल का ग?" मला उत्तर देता आले नाही.

रक्तपेढी_सोलापूर

सुलभाताई, १९८७ मध्ये त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण चाचणीच नव्हती. तो ठणठणीत दिसत असणार, म्हणूनच त्याचे रक्त घेतले गेले. आज दात्याचा अहवाल दूषित निघाला तर आम्ही त्याला बोलावून समुपदेशन करतो आणि उपचारासाठी पाठवतो. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. २००१ पूर्वी ज्यांना रक्त चढवले गेले असेल, त्यांनी प्रकृती उत्तम असली तरी एकदा 'अँटी-एचसीव्ही' ही तपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नये, पुढे विषाणूची आरएनए तपासणी होते आणि उपचार लागतो की नाही ते तीवरून ठरते.

केतकी_मिरज

दादा, आपला हा प्रतिसाद वाचून मी वडिलांची जुनी फाइल काढली. त्यांची बायपास १९९६ मध्ये झाली होती आणि रक्ताच्या चार पिशव्या लागल्या होत्या. पिशव्यांचे क्रमांक डिस्चार्ज कार्डाच्या मागे आईने पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. ही तपासणी त्यांची कधीही झालेली नाही. सोमवारी सकाळी मी त्यांना घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जाते आहे.